गुडघ्याच्या इंजेक्शनचा आढावा

मला लिहायची सवय नाही, जमेल तसं सांगतो. माझी सून प्रणाली जठारपेठेतल्या आमच्या घरी बसून वैद्यकीय संशोधनाचे आढावे तपासते. एखाद्या उपचारावरचे सगळे अभ्यास गोळा करून कोणी निष्कर्ष काढला, तर तो नीट काढला का, हे ती बघते आणि आढाव्याला दर्जा देते. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे लाल होतात.

परवा तिच्याकडे गुडघ्याच्या इंजेक्शनचा आढावा आला. तेच इंजेक्शन सोमवारी माझ्या बायकोला, पार्बताबाईला, घ्यायचं होतं.

"गुन येते म्हनते ना त्याच्यात?" हिने विचारलं.

"म्हणतात, आई. पण ज्यांत गुण आला नाही, ते अभ्यास आढावा लिहिणाऱ्यांनी घेतलेच नाहीत."

"म्हंजे येत नाई?"

"तेही यावरून सांगता येत नाही."

"एवढं शिकून सांगता येत नाई! आपला दूधवाला बरा, गुन येते म्हनून बिनधास्त सांगते."

प्रणाली थकून हसली. खोटा का होईना, धीर द्यायचा होता, असं मलाही वाटलं. तिने मात्र आढाव्याला खालचा दर्जा दिला.

सोमवारी ही म्हणाली, "मी जातो. दुखनं सोसवत नाई आता."

प्रणालीने काम बाजूला ठेवलं, ऑटो बोलावला आणि हिला हात देऊन आत बसवलं.