साडेआठचा हिरवा ठिपका

पिंप्राळ्याहून चौधरीताईंचा फोन आला, तेव्हा मी देवपूरच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोरच बसलो होतो. त्या रमेशभाऊंच्या शेजारीण. म्हणाल्या, "भाऊंच्या दाराला कालची आणि आजची, दोन्ही दुधाच्या पिशव्या तशाच लटकल्यात. हाका मारल्या, ओ देत नाहीत." मी स्क्रीनवर पाहिलं. भाऊंच्या नावापुढचा ठिपका हिरवा होता. "उठलेत ते," मी म्हणालो, "साडेआठलाच उठलेत. अंघोळीला गेले असतील." ताई म्हणाल्या, "दादा, आतला पंखा कालपासून फिरतोय. दाराला आतून कडी आहे. तुम्ही निघाच."

त्याला आता काही आठवडे झाले. रमेशभाऊ म्हणजे माझ्या बायकोचे, कुसुमचे, थोरले भाऊ. निवृत्तीनंतर ते पिंप्राळ्यात एकटेच राहत. आमच्या पतसंस्थेत मी हिशेब पाहतो आणि भाऊंनी तिथल्या कॉम्प्युटरचं काम अंगावर घेतलं होतं. प्रत्येक शाखेतले जुने खडखडणारे कॉम्प्युटर काढून त्यांनी थिन क्लायंट बसवले. नाव मोठं, वस्तू जेवणाच्या डब्याएवढी. म्हणून सगळे त्याला डबाच म्हणत. डब्यात स्वतःचं काही साठत नाही. जे काही आहे ते देवपूरच्या सर्व्हरवर. भाऊ प्रत्येक डब्यात सर्व्हरचा पत्ता भरायचे, त्याला नाव द्यायचे, गटात टाकायचे, आणि इकडे माझ्या स्क्रीनवर एक ठिपका उगवायचा. डबा चालू असला की हिरवा, बंद असला की राखाडी. सावद्याच्या शाखेत ते समजावून सांगत होते, "हा रोज सकाळी सगळं विसरून उठतो. सर्व्हरला विचारतो, मी कोण, माझं काम काय." तिथला कॅशियर म्हणाला, "म्हणजे आमच्या मॅनेजरसाहेबांसारखाच." भाऊ शांतपणे म्हणाले, "नाही रे, हा विचारतो तरी." साहेबांसकट सगळे हसले होते.

हृदयविकाराचा पहिला झटका येऊन गेल्यावर कुसुम त्यांना रोज सकाळी फोन करायला लागली. भाऊ वैतागले. "मी काय तान्हं पोर शे का? रोज उठीसन हाजिरी देऊ?" त्यावर ती रडली. मग त्यांनीच तोड काढली. पिंप्राळ्याच्या घरी कामासाठी एक डबा होताच. रोज उठल्यावर, चहाच्या आधी, ते तो स्वतःच्या हाताने चालू करतील. ठिपका हिरवा झाला की मी कुसुमला कळवायचं. शाखांचे डबे सर्व्हरने ठरवून दिलेल्या वेळेला, रोज, अगदी रविवारीही, साडेआठला आपोआप चालू होत आणि संध्याकाळी आपोआप बंद. घरचा डबा मात्र भाऊंनी त्या गटाबाहेर, एकटा ठेवला होता. "याले मन्हाच हात लागाले पाहिजे," ते म्हणाले होते. मी ऑफिसात पोचलो की आधी तो ठिपका पाहायचो, मग घरी फोन. "हिरवा शे ना?" कुसुम विचारायची. मी हो म्हटलं की मगच तिचा दिवस सुरू व्हायचा.

भाऊ शेवटचे देवपूरला आले तेव्हा एक मजला चढून जिन्यातच बसले. चेहरा घामाने डबडबला होता. मी डॉक्टरांचं नाव काढलं, तर हातानेच गप्प केलं. माझ्या खुर्चीवर बसून सर्व्हर उघडला. "पाहुणे, एक काम राहिलंय," म्हणाले. दोन-चार मिनिटं माउस हलवला आणि उठले. घरी कुसुमने वांग्याचं भरीत केलं होतं. अर्धी भाकरी खाऊन ताट सारलं. ती काही बोलणार तोच म्हणाले, "बठ्ठं बराबर शे, माय. आते तू चिंता करूच नको."

त्यानंतर ठिपका रोज साडेआठला हिरवा व्हायला लागला. एरवी कधी सातला, कधी पावणेनऊला, कधी त्याहून उशिरा; झोप लागली नाही की वेळ पुढे सरकायची. आता मिनिटाचाही फरक नाही. माझा जन्म आकड्यांत गेला. इतके सारखे आकडे दिसले तर मी व्हाउचर परत मागवतो. पण इथे मला बरंच वाटलं. कुसुमला म्हणालोसुद्धा, "भाऊंची तब्येत सुधारली. बघ कसे घड्याळासारखे उठतात." तिने त्या दिवशी शिरा केला होता.

अंत्यसंस्कार झाल्यावर मी सर्व्हर उघडून पाहिला. घरचा डबा शाखांच्या गटात होता. पासवर्ड दोघांनाच माहीत, त्यांना आणि मला. त्यांना किती दिवसांपासून सकाळी उठवत नव्हतं, पलंगापासून टेबलापर्यंतची चार पावलं कधीपासून जड झाली होती, कोण जाणे... आम्हाला कळू नये एवढी मात्र त्यांनी चोख व्यवस्था केली होती.

गेल्या रविवारी आम्ही पिंप्राळ्याचं घर आवरायला गेलो. सकाळीच पोचलो. खिडक्या बंद होत्या. टेबलावर त्यांचा चष्मा, औषधाची अर्धी पट्टी, आणि कोपऱ्यात तो डबा. कुसुम आत झाडत होती. मी कपाट उघडलं तेवढ्यात मागे बारीकसा आवाज झाला. डब्याचा दिवा लागला, स्क्रीन उजळली. वर भाऊंचं नाव, खाली पासवर्डसाठी रिकामी चौकट, आणि त्या चौकटीत उघडझाप करत थांबलेली एक रेघ.

कुसुम झाडू घेऊन दारात उभी होती. "कोन्ही चालू कया?" तिने डब्याकडे बोट दाखवत हळूच विचारलं.

मी घड्याळ पाहिलं नाही. "भाऊंनीच," म्हणालो.