आक्का ‘व्हय’ म्हणायची त्याची गोष्ट

माझी थोरली बहीण, आक्का, ग्रामपंचायतीची मेंबर झाली आणि पहिलं वर्षभर बैठकीत नुसती ‘व्हय व्हय’ करत बसली. आमच्या निपाणी भागात कुणी बोलायला लागलं की मधूनमधून ‘व्हय व्हय’ म्हणायचं असतं, ऐकतोय एवढंच कळवायला. नाहीतर समोरचा विचारतो, झोपलीस काय? अशाच एका बैठकीत पंचायतीच्या अधिकारी साहेबांनी वर्षाच्या कामांची यादी वाचली. आक्काच्या गल्लीतली अंगणवाडीची खोली त्यातून गायब होती आणि तिच्या जागी वेशीवरची कमान आली होती. आक्का सवयीनं ‘व्हय व्हय’ म्हणाली. साहेबांनी लिहून टाकलं, सर्वानुमते मंजूर!

अंगणवाडीची पोरं पुन्हा बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या, ओसरीवर, उन्हात. आक्का संकेश्वरला माझ्याकडं आली ती रडतच. “गावच्या पोरांना नागरिकशास्त्र शिकवलंस, मला का न्हाय गं शिकवलंस?”

खरं सांगते, मला लाज वाटली. नोकरीभर मी संसद शिकवली, पण ती चालताना पाच मिनिटं बघितली नव्हती. मुद्दे लिहून द्यायचे, पाठ करा म्हणायचं, झालं! मग संसदेचं बजेट अधिवेशन सुरू होतं तेव्हा दुपारी आम्ही दोघी शेंगा फोडत टीव्हीपुढं बसलो.

“भाषण झालं की बजेट झालं न्हवं?” आक्कानं विचारलं. न्हाय गं, तेव्हा ते नुसतं मांडलं. आता एकेका खात्याची मागणी येणार, चर्चा होणार, मग मतदान. हे सांगताना मी गुपचूप माझंच जुनं पुस्तक उघडून बघत होते. एक खासदार म्हणाले, या मागणीतले शंभर रुपये कमी करा. आक्का खदाखदा हसली. “शंभर रुपयांसाठी एवढा दंगा?” मी म्हटलं, रुपये नुसतं निमित्त, त्या निमित्तानं गाऱ्हाणं सभागृहात मांडता येतं. तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.

तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, बाजूनं असतील त्यांनी हो म्हणावं. हो-हो झालं. विरोधातल्यांना विचारलं, नाही-नाही झालं. कुणीतरी ओरडलं, मतं मोजा!

आक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली. “म्हंजे आधी प्रश्न, मग व्हय?”

“व्हय.”

“अगं बाई! मी प्रश्नाच्या आधीच म्हणत होते की!”

आम्ही इतक्या हसलो की शेजारीण बघायला आली.

पुढल्या वर्षीच्या बैठकीला मी मागच्या बाकावर बसले होते. पंचायतीचा अध्यक्ष म्हणजे आक्काचा चुलत दीर. त्याच्यापुढं तिनं कधी आवाज चढवला नव्हता आणि कमानीच्या रंगरंगोटीचं खूळ त्याचंच. यादी वाचून झाली; यंदाही खोली नव्हती, कमानीचा रंग होता. आक्का तोंड घट्ट मिटून बसली होती. “मंजूर न्हवं?” त्यानं विचारलं.

“न्हाय, भावजी.” ती उभी राहिली. “आधी अंगणवाडीची खोली. हात मोजा.”

खोलीच्या बाजूनं चार हात वर झाले. कमानीच्या बाजूनं चार. माझा जीव टांगणीला. अध्यक्षानं दोनदा मोजलं, डोकं खाजवलं आणि आक्काकडं बघून त्याला हसू फुटलं.

“वैनी, तुमचा हात खालीच हाय की!”

आक्कानं दोन्ही हात वर केले.