शुक्रवारची सायकल

तलावाकाठच्या बागेपर्यंत सायकलवर जायचं, हे आधी मम्मी बोलली होती. मी रिक्षा स्टँडपर्यंत जायला एक जुनी लेडीज सायकल घेतली, त्या दिवशी तिने सीटवर हात फिरवला, घंटी दोनदा वाजवली आणि म्हणाली, "हिच्यावर वऱ्हाळा तलावाच्या गार्डनपर्यंत आरामात जाता येईल. काठाकाठानं रस्ता हाय." मग ती आत जाऊन मेथी निवडायला बसली.

मम्मी शेलार गावची. लहानपणी भावाच्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून ती गावभर फिरायची. लग्न होऊन भिवंडीच्या नारपोलीत आल्यापासून तिने सायकल चालवलेली नाही. तिला परत चालवायची आहे हे मला कळलं, पण मी तसं बोलून दाखवलं नाही. मी प्लॅन करायला घेतला.

मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं, आणि लिहिताना इंग्रजीच येतं. फोनवर नकाशा मोठा करून मी प्रत्येक वळण उतरवून घेतलं. एकदा कामावरून येताना मुद्दाम तलावाशी उतरले आणि काठचा रस्ता चालून पाहिला. झाडं कुठे आहेत, पाणी कुठून चांगलं दिसतं, गटाराचं झाकण कुठे वर आलंय, बागेत बसायला सावली कुठे आहे, हे सगळं लिहिलं. मम्मी माझी सायकल घेणार, मी पप्पांची. तीन पानं झाली. वर मोठ्या अक्षरांत SUNDAY लिहून खाली रेघ मारली.

जेवताना दोघांना वाचून दाखवलं. पप्पा जॉबर आहेत, म्हणजे कारखान्यात कापड विणायचे लूम बिघडले की दुरुस्त करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "संडेला?"

"हो."

"संडेला माझी सायकल कारखान्यात असते. तिच्याबरोबर मी पण असतो."

मम्मीला हसू आवरेना. "चोवीस वर्षं भिवंडीत राहते आणि हिची सुट्टी रविवारची."

"इंग्लिश शाळेत टाकली ना," पप्पा म्हणाले, "मग वार पण इंग्लिशच."

मी पान उलटं केलं. आमच्याकडे लूम शुक्रवारी बंद असतात. आमच्या भिंतीला लागूनच कारखाना आहे. शुक्रवारी सकाळी खडखड नसते, म्हणून जाग लवकर येते. जन्मापासून हेच चाललंय. पण शाळा, कॉलेज आणि आता दापोड्याचं गोडाऊन, सगळीकडे सुट्टी रविवारची. सुट्टी म्हटलं की माझ्या हातून रविवारच लिहिला जातो.

"शुक्रवारच बरा," मम्मी म्हणाली. "गल्ली झोपलेली असते. या वयात पडले तर बघायला कोण नको."

म्हणजे आता मला शुक्रवारची सुट्टी मागायची होती. गोडाऊनच्या ऑफिसात मला दोन वर्षं झाली आहेत. माल घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रेलरची यादी मी बनवते. या दोन वर्षांत मी एकदाही सुट्टी मागितलेली नाही. गरज नव्हती म्हणून नाही. साहेबांच्या टेबलापर्यंत जायचं, ते मान वर करेपर्यंत थांबायचं आणि मग बोलायचं, हे मला जमत नाही.

म्हणून मी प्लॅन सुधारत बसले. परतीचा वेगळा रस्ता काढला. पंक्चरवाल्याचं दुकान शोधलं. असे दोन शुक्रवार गेले. मम्मी सायकल रोज पुसून ठेवायला लागली.

मग एका बुधवारी तिने माझी पानं हातात घेतली. तिला इंग्रजी वाचता येत नाही. पानं उलटून तिने विचारलं, "यात सुट्टी मागायचं कुठं लिहिलंय?"

"ते नाही लिहिलं."

"मग मी येऊ का तुझ्या साहेबाकडं?"

ती खरंच आली असती.

गुरुवारी दुपारी मी टेबलाशी जाऊन उभी राहिले. साहेब डबा खात होते. मी वाक्य इंग्रजीत पाठ केलं होतं, त्यात 'पर्सनल वर्क' असे शब्द होते. पण त्यांनी "काय गं?" असं विचारलं आणि ते वाक्य गेलं.

"उद्या सुट्टी पाहिजे होती."

"बरं नाही?"

"सायकलवर तलावाला जायचंय. मम्मीबरोबर."

ते चावता चावता थांबले. पुढे अजून काही असेल असं त्यांना वाटलं असावं. मग म्हणाले, "उद्या पहिला ट्रेलर कितीला?"

"साडेअकराला."

"मग सुट्टी कशाला घालवतेस? अकराला ये."

उद्याच्या ट्रेलरची यादी मीच टाइप केली होती, तरी हे सुचलं नव्हतं.

शुक्रवारी साडेसहाला आम्ही सायकली बाहेर काढल्या. पप्पांनी दोन्हींत हवा भरून ठेवली होती. मम्मीने ओढणी कमरेला बांधली. मी मागून तिच्या सायकलचं कॅरियर धरलं. गल्ली झोपलेली नव्हती. लूमवर काम करणारा एक बिहारी माणूस नळाशी दात घासत होता. मला वाटलं, आता मम्मी सायकल परत आत घेणार.

"कहाँ, चाची?" त्याने विचारलं.

"तलाव तक. बाजू हो जाओ, ब्रेक का भरोसा नहीं."

तो ब्रश तोंडात धरून भिंतीला चिकटला. मम्मीने पायडल मारलं आणि कॅरियर माझ्या हातातून सुटलं. सायकल आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग सरळ. कोपऱ्यावर कुठे वळायचं ते माझ्या खिशातल्या कागदावर होतं. ती न विचारता वळली आणि दिसेनाशी झाली. मग फक्त घंटी ऐकू आली.

मी घाईने पप्पांच्या सायकलवर टांग टाकायला गेले आणि अडकले. तीन पानांच्या प्लॅनमध्ये मी त्या सायकलचा दांडा हिशेबात धरलाच नव्हता.