ओटीपी मागायला आलेली मुलगी

मला गणित शिकवता येतं. कम्प्युटर येत नाही. म्हणजे चालू करता येतो, पुढचं अवघड आहे. आणि आजकाल शाळेत शिकवण्यापेक्षा भरण्याचीच कामं जास्त. हजेरी भरा, फोटो चढवा, प्रशिक्षण पूर्ण करा, आणि सगळं आजच्या आज. तरुण शिक्षकांना विनवून झालं. त्यांना त्यांचीच कामं उरकेनात.

माझ्या दहावीच्या वर्गातली एक मुलगी मात्र चटचट टाइप करते. डाळजहून येते, वडील भाजीपाला करतात. दहावीनंतर बारामतीला पॉलिटेक्निकला जायचं तिनं ठरवलंय. एकदा माझं लॉगिन अडलं म्हणून तिला ऑफिसात बसवलं, आणि मग मला सवयच लागली. दुसऱ्यांचे तास कसे मागायचे, म्हणून मी तिला माझ्याच तासाला ऑफिसात पाठवायचो. तिला काय, गणित येतंच, अशी स्वतःची समजूत घालायचो.

वर्गात वर्तुळाचं प्रकरण चालू होतं तेव्हा ती ऑफिसात माझं ऑनलाइन प्रशिक्षण पुरं करत होती. मध्येच वर्गाच्या दारात येऊन उभी राहायची. "सर, ओटीपी." मी खडूच्या हातानं फोन पुढं करायचो. ती आकडे बघायची, फळ्यावरच्या आकृतीकडे एक नजर टाकायची आणि पळायची. प्रशिक्षणाचा विषय होता, वर्गातल्या प्रत्येक मुलाकडे लक्ष कसं द्यावं. प्रमाणपत्र माझ्या नावानं आलं. मी ते स्टाफरूममध्ये मिरवलंसुद्धा. लाज कशी वाटली नाही कोण जाणे.

सराव परीक्षेचे पेपर मीच तपासले. वर्तुळावरचे सगळे प्रश्न तिनं कोरे सोडले होते. चुकीचं काही लिहिलं असतं तर निदान रागावता तरी आलं असतं.

पालकसभेला तिची आई आली. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी मान खाली घालून बसलो. ती म्हणाली, "सर, तुमी पोरीला कम्प्युटर शिकवला, लय बरं झालं बघा. गणिताचं तुमी मनाला लावून घेऊ नका. तिचंच ध्यान नसंल." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी आहे, एवढं म्हणायचं होतं. मी सहीसाठी रजिस्टर पुढं केलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर तिला वर्तुळ शिकवायला घेतलं. पोर हुशार आहे. स्पर्शिकेचं प्रमेय लगेच ध्यानात आलं आणि चेहरा खुलला. "सर, पुढचं सांगा की," ती म्हणाली. मलाही फार दिवसांनी बरं वाटलं. तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन आला. कसलीशी माहिती आजच भरायची होती. "भरतो," म्हणून मी फोन ठेवला. तिच्याकडे मी बघितलं नाही, खरंच नाही. पण तिनं मुकाट्यानं पुस्तक मिटलं, दप्तर भरलं आणि उठून उभी राहिली.

खाली बस, असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "पासवर्ड तोच आहे."