नवरीच्या नावाची पट्टी

नुराता गावच्या सांस्कृतिक भवनात दर वसंतात भरतकामाचं प्रदर्शन भरतं आणि त्यात पहिला नंबर सनोबरचा असतो. म्हणजे असायचा. हे इतकं ठरलेलं होतं, की एके वर्षी परीक्षकांची गाडी वाटेत बंद पडली तेव्हा रखवालदारानेच तिच्या सुझनीला, म्हणजे भिंतीवर टांगायच्या भरलेल्या कापडाला, लाल फीत लावून टाकली. परीक्षक आले, फीत पाहिली आणि ‘बरोबर आहे’ म्हणून थेट पुलाव खायला बसले.

यंदा मात्र ती रिकाम्या हाताने आली होती. हिवाळा संपता संपता डोळ्यांच्या डॉक्टरने तिला सुई बंद करायला सांगितलं. उजवा डोळा गेल्यात जमा होता. डावा सांभाळला तर निदान चहा प्याल्यात पडेल, असं त्याचं म्हणणं. नातीची सुझनी अर्धी राहिलीय, तेवढी पुरी करते, म्हणून तिने घासाघीस करून पाहिली. डॉक्टर म्हणाला, करा, पण मग नातीला कशाने बघणार? सनोबर गप्प बसली. ती गप्प बसल्याची घटना दुर्मीळ असल्यामुळे घरी सुनेने ती चार जणींना सांगितली.

नातीची सुझनी अर्धी राहिली ती मुकर्रममुळे. मुकर्रम आणि सनोबर एकाच वर्षी सुना होऊन नुरात्यात आल्या. दोघींच्या सासवा सारख्याच खाष्ट, त्यामुळे मैत्री जुळायला आणखी कशाची गरज पडली नाही. गेल्या शरदात मुकर्रम ताटात दोन रोट्या, खडीसाखर आणि कापडाची एक पट्टी घेऊन आली. ताट बघताच सनोबर समजली. नवरीबरोबर सासरी जाणारी सुझनी एकटीने भरायची नसते. पट्ट्या टाचून केलेल्या अख्ख्या कापडावर नक्षी काढतात, मग उसवून त्या सुट्या करतात आणि आपल्या बायकांकडे एकेक पाठवतात. भरून झाल्या की परत जोडतात. त्यामुळे जोडाच्या जागी एखादं डाळिंब वाकडं बसतं, पण त्याला कोणी नावं ठेवत नाही. नवरीची पट्टी आली की नाही म्हणायचं नाही, मोबदला घ्यायचा नाही आणि हातातलं काम बाजूला ठेवायचं.

माझ्या झिलोलाचं लग्न ठरलंय, मुकर्रम हळूच म्हणाली होती. मुलगा नवोईचा, इंजिनियर. पण नजर लागते, म्हणून वाच्यता नको. सनोबरने वाच्यता केली नाही. झिलोला तिच्या मांडीवर खेळलेली पोरगी. तिच्यासाठी तिने नातीचं कापड गुंडाळून ठेवलं आणि सगळा हिवाळा खिडकीशी बसून पट्टी भरली. नजर अंधुक होत गेली तशी खिडकीच्या आणखी जवळ सरकली. शेवटी शेवटी तर बाहेरून जाणाऱ्यांना वाटे, म्हातारी काचेला चिकटलीय.

प्रदर्शनात शिरताच झिलोलाच समोर आली. ती नवोईला शाळेत शिकवायची आणि सुट्टीला आली होती. तिने सनोबरचा हात धरला आणि कौतुकाने म्हणाली, “खालाजान, आईची सुझनी पहिली आली. चला दाखवते. उद्या ताश्कंदच्या मोठ्या प्रदर्शनाला जाणार आहे.”

सनोबरला थोडं टोचलं, हे खोटं कशाला बोला. पण मुकर्रमला आयुष्यात एकदा पहिला नंबर मिळाला, याचा आनंदही खरा होता. आणि दुसऱ्याच्या भरतकामाला नावं ठेवायची संधी ती डोळे गेले म्हणून सोडणाऱ्यातली नव्हती.

भिंतीवर लाल डाळिंबं आणि निळी कमळासारखी फुलं तिला धुक्यातून दिसावीत तशी दिसली. ती नाक लावण्याइतकी पुढे गेली आणि एका कडेपासून सुरू झाली. पहिल्या पट्टीतल्या बाईने दोरा कंजूषपणे वापरलाय. दुसरी बाई भरता भरता पेंगत होती, पाकळ्या बघ कशा आडव्या झाल्यात. झिलोला हसून हसून बेजार झाली. सगळी आईचीच आहे हो, म्हणाली. सनोबरने ते कानामागे टाकलं. काम एका हाताचं की चार हातांचं, हे ओळखू येत नाही, एवढी ती अजून म्हातारी झाली नव्हती.

तिसऱ्या पट्टीपाशी ती थबकली.

“ही कोणाची गं? हात आहे बाईला. टाका बघ, मोहरीएवढा.”

ती वरून खाली बघत आली. बऱ्याच खाली आल्यावर तिने जीभ टाळूला लावून चुक् केलं. “इथे मात्र डोळे थकले बिचारीचे. टाके मोठे झाले.”

आणि नक्की किती मोठे, ते बघायला तिने बोट लावलं. हात लावू नये अशी पाटी होती, पण ती तिला कुठे दिसणार? बोट एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं. सगळे टाके डावीकडे कललेले होते. नुरात्यात डावखुरी भरतकाम करणारी एकच होती, ती स्वतः. लहानपणी आईने उजव्या हाताने शिवण्यासाठी मारून पाहिलं होतं, पण मार वाया गेला.

सनोबरने बोट काढून घेतलं. तिची पहिली शंका अगदी साधी होती. लग्नाआधी नवरीची सुझनी चारचौघांत टांगतात का? नजर लागते म्हणून जिने तोंडाला कुलूप लावायला सांगितलं, तिनेच?

“लग्न कधी आहे तुझं?” तिने विचारलं.

“कोणाचं?”

“तुझं. नवोईच्या मुलाशी.”

“नवोईत सगळे मला बाई म्हणतात खालाजान, तिसरीतली पोरं,” झिलोला म्हणाली. “त्यातला कुठला बघितलात?”

सनोबर हसली नाही, तेव्हा झिलोलाचंही हसू गेलं. तेवढ्यात मुकर्रम आली, एका हातात ट्यूलिप, दुसऱ्यात प्रशस्तिपत्र. दोघींचे चेहरे बघून तिने प्रशस्तिपत्र पाठीमागे घेतलं, जणू ते लपवलं की झालं.

सनोबरने आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, की पट्टी प्रदर्शनासाठी पाहिजे म्हणाली असतीस तर मी नाही म्हटलं असतं का?

“नसतं म्हटलंस,” मुकर्रम म्हणाली. “भरून दिली असतीस, आणि मग पहिला नंबर परत तुझाच असता. सगळ्या म्हणाल्या असत्या, सनोबरने मदत केली म्हणून आला. बावीस वर्षं तुझ्या शेजारी टांगतेय मी, सनोबर. लोक माझ्या सुझनीसमोर उभं राहून तुझी बघतात.”

“माझे डोळे गेले ह्यात.”

“मला काय माहीत, जातील म्हणून.”

हेही खरं असावं. पण खरं असून त्याचा उपयोग नव्हता. सनोबरने झिलोलाकडे कात्री मागितली. झिलोलाने आईकडे बघितलं, मग टेबलाकडे गेली आणि सकाळी साहेबांनी उद्घाटनाची फीत कापलेली ती भलीमोठी कात्री घेऊन आली. भवनात दुसरी नव्हती. सनोबरला शिवण दिसेना, म्हणून तिने नुसतं कापड ताणून धरलं आणि पोरीने जोडाचा पांढरा दोरा कचाकच कापत नेला. भरतकामाचा एक टाकाही तुटला नाही. एका परीक्षकाला वाटलं प्रात्यक्षिक चाललंय. तो वही काढून पुढे आला.

“उद्या ताश्कंदला जायचीय ती,” मुकर्रम म्हणाली.

“जाऊ दे की. तुझी जाईल.”

पट्टी गुंडाळून काखेत धरून सनोबर बाहेर पायऱ्यांवर येऊन बसली. दोन्ही कडांना अर्धी अर्धी डाळिंबं. उरलेली अर्धी आत भिंतीवर राहिली. नातीच्या सुझनीला ती जोडता येणार नव्हती, एकटी टांगता येणार नव्हती. झिलोला तिच्यामागोमाग आली आणि शेजारी बसली.

सनोबर हळूच म्हणाली, “खरं सांग पोरी. ठरलंय का कुठे? कोणाला कळू नये म्हणून लपवत असशील तर सांग. आत्ता आत जाऊन पट्टी देऊन येते.”

झिलोलाने मान हलवली. मग खालाजानला ते दिसलं नसणार, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला तोंडाने म्हणावं लागलं, “नाही.”