आकारामचा रिपोर्ट

शिवलीलाच्या वडिलांचा, रामलिंगअण्णांचा, कसबा बावड्यात टायपिंग क्लास होता. ते गेल्यावर तिनं मशिनं विकली आणि त्याच गाळ्यात दोन कॉम्प्युटर मांडून ईमेल सेंटर सुरू केलं. आसपासच्या घरांत ईमेल कुणाकडे नव्हता. लोक तिचाच पत्ता द्यायचे.

सुरुवातीला मेलला जोडून आलेली फाईल तिच्याकडे उघडायचीच नाही. ती फाईल फ्लॉपीवर घालून द्यायची आणि गिऱ्हाइकाला ती उघडायला शहरात पाठवायची. आत काय लिहिलंय हे तिला कळायचं नाही. २००६च्या सुमाराला मेलमध्येच फाईल बघायची सोय आली. एकदा क्लिक केलं की कागद समोर. तिला फार बरं वाटलं होतं.

त्याच वर्षी एका सोमवारी कारखान्यातले निवृत्त फिटर आकाराम आले. घशाची गाठ पुण्याला तपासायला दिली होती, तिचा रिपोर्ट यायचा होता. ते तिच्या शेजारीच स्टुलावर बसले. तिनं नेहमीसारखं क्लिक केलं. इंग्रजी मजकुरात मधोमध 'कार्सिनोमा', म्हणजे कॅन्सर, हा शब्द होता. आईच्या, शिवम्माच्या, रिपोर्टात तिनं तो वाचला होता. खाली लिहिलं होतं, ताबडतोब भेटा.

"काय लिवलंय गं?" आकारामनी विचारलं.

तिनं फाईल बंद केली. "उघडंना झालंय मामा. फाईल खराब आलीया. बाळासो कवा येणार?"

"त्यो ट्रक घेऊन गेलाय की. शुक्रवारी येतोय."

"मग त्यालाच लावून द्या. तवर मी परत मागवून घेते."

ते मान हलवून गेले. मुलगा बाळासो जवळ असताना त्यांना कळावं, एवढंच तिच्या मनात होतं. पण रोज सकाळी ते दारातून विचारायचे, "आला काय?" आणि ती "न्हाय मामा" म्हणायची. बुधवारी तिनं रिपोर्टाची प्रिंट काढली, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

शुक्रवारी बाळासो आला. तिनं प्रिंट त्याच्या हातात देऊन सगळं सांगितलं. तो प्रिंट घेऊन घरी गेला. संध्याकाळी त्याची आई अंबूबाई गाळ्यात आली.

"सोमवारीच आलता न्हवं?"

"व्हय मामी."

"चार दिस त्यो माणूस हितनं हसत घरी आला. म्हणायचा, वाईट असतं तर एव्हाना कळवलं असतं की. आमचं दुखणं आमच्या आधी तू कशाला वाचलंस?"



आकाराम पुढं चौदा महिने जगले. चार दिवसांच्या उशिरानं काही फरक पडला नाही, असं डॉक्टरनीच सांगितल्याचं बाळासो एकदा तिला म्हणाला. अंबूबाई मात्र तिच्याशी पुन्हा बोलली नाही. शिवलीलानं सेंटर आणखी तीन वर्षं चालवलं. हॉस्पिटलची मेल आली की ती क्लिक करण्याआधी हात थांबवून विचारायची, "मी वाचू, का प्रिंट देऊ?" बहुतेक जण म्हणायचे, तूच वाच.