भाऊजींची पाव मैलाची गाडी

मोटारगाडी ही कुठेतरी जाण्यासाठी असते, हे मान्य नसलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो म्हणजे फणसवाडीत मी ज्यांच्याकडे राहत होतो त्या मालकीणबाईंचे धाकटे दीर. बाई त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून सगळी वाडी त्यांना भाऊजी म्हणे आणि मीही म्हणू लागलो. त्यांच्या मते गाडीने फक्त पाव मैल जायचं असतं, तेही सरळ आणि शेजारच्या गाडीच्या आधी. त्यापुढे काय, असं कोणी विचारलं तर ते म्हणत, "पुढे ट्राम आहे की!"

मी घाटावरच्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, बी.ए. होऊन नोकरीला लागलो तेव्हा मुंबईत ओळखीचं कोणी नव्हतं. त्या घराने मला माळ्यावरची खोली दिली, सणासुदीला आपल्या पंक्तीला बसवलं आणि त्याचा उच्चार कधी केला नाही. पहिल्या दिवशी मी जिना चढत होतो तर भाऊजी समोरून आले, माझी ट्रंक हातात घेऊन जोखली आणि म्हणाले, "बीए, यातली निम्मी पुस्तकं वाचून झाली असतील. ती कशाला बाळगतोस? डोक्यात गेलेल्याचं वजन होत नाही." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी बीए झालो.

वजन हा त्यांचा जन्माचा वैरी होता. फोर्टातल्या एका कचेरीत ते हेडक्लार्क होते. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, सगळं रीतसर. पण घरी आले की खिशात ताणकाटा. दिसेल ती वस्तू आकड्याला टांगून पाहायची आणि पत्र्याला भोकं पाडून ती हलकी करायची. एकदा कामाच्या भरात त्यांनी स्वयंपाकघरातल्या मोठ्या पळीलाही ड्रिल लावलं. वहिनी, म्हणजे आमच्या मालकीणबाई, शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, झारा आहे माझ्याकडे. आमटी वाढायला पळी लागते." त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी आमटी वाटीने वाढून घेतली. लग्नात दुसरा लाडू कोणी आग्रहाने वाढला तर ते पानावर आडवा हात धरून म्हणत, "नको, गाडीला झेपणार नाही."

गाडी त्यांच्या थोरल्या भावाची, म्हणजे वहिनींच्या यजमानांची. युद्धाच्या आधीची, दोन दरवाज्यांची, गुबगुबीत पाठीची अमेरिकन गाडी. यजमान गेल्यावर ती वाडीच्या मागच्या अंगाला, पूर्वी ज्या तबेल्यात त्या घरची घोडागाडी असे, तिथे झाकून ठेवलेली होती. अमेरिकेत काही तरुण अशा जुन्या गाड्या घेतात, त्यांत दांडगं इंजिन बसवतात, नको ते सगळं उपटून टाकतात आणि बाजारातल्या साध्या पेट्रोलवर पाव मैलाच्या सरळ शर्यतीत पळवतात, हे भाऊजींनी फूटपाथवरच्या जुन्या मासिकांत वाचलं. पेट्रोलला तिकडे गॅस म्हणतात, म्हणून अशी गाडी गॅसर. तिचं पुढचं तोंड मुद्दाम उंच करतात, म्हणजे सुटताना सारा भार मागच्या चाकांवर जातो, ती जमीन घट्ट पकडतात, आणि गाडी खरी साधली असेल तर पुढची चाकं क्षणभर अधांतरी होतात. त्या एका क्षणाचं चित्र भाऊजींनी देवघराशेजारी लावलं होतं.

गाडीचा पत्रा कापायच्या आधी ते वहिनींसमोर जाऊन उभे राहिले. मागची चाकं जाड बसवायची तर मडगार्ड कापावे लागणार होते. वहिनी गहू निवडत होत्या. त्यांनी वर न बघता म्हटलं, "कापा. पण सरळ कापा." मग मागची आणि शेजारची सीट गेली, घड्याळ गेलं, काचा खालीवर करायच्या मुठी गेल्या. चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपातल्या फिटरने कुठल्याशा मिलिटरी लॉरीचा सरळ आस आणि पाट्यांच्या स्प्रिंगा आणून पुढे बसवल्या. गाडी अशी नाक वर करून उभी राहिली की तो म्हणाला, "भाऊजीनू, ही आता शिंकतली!"

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. वाडीत रोज सभा, प्रभातफेऱ्या, कोणाचा तरी मुलगा तुरुंगात. भाऊजीही मोर्चाला जात, पण परत येताना तबेल्यावरून येत. तळमजल्याचे तात्या, ज्यांचा आवाज घोषणांनी कायमचा बसला होता, ते त्यांना गाठून विचारत, "काय भाऊजी, आधी काय? मुंबई की गाडी?" भाऊजी म्हणत, "मुंबई जागेवरच आहे, तात्या. गाडीला पळायचंय."

मग त्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांत काचबिंदू आहे. हा हिवाळा संपला की गाडी चालवायचं नाव काढू नका. उपनगरातल्या एका जुन्या धावपट्टीवर हौशी लोक हिवाळ्यात एकदाच शर्यत लावत. म्हणजे हीच शेवटची संधी. भाऊजींनी रजा टाकली, अर्धपोटी राहू लागले आणि शर्यतीच्या सकाळी आम्ही गाडी ढकलत वाडीच्या कमानीपाशी आणली.

गाडी कमानीखालून जाईना. भावाच्या हयातीत ती रोज तिथूनच जायची. पण आता तिचं नाक वर होतं आणि टप कमानीला चार बोटं अडत होता. इतकी वर्षं एकेक तोळा मोजणाऱ्या माणसाने उंची मोजली नव्हती. टायरांतली हवा काढून पाहिली, तरी दोन बोटं उरलीच. भाऊजी बोनेटला हात लावून उभे राहिले.

तात्यांनी फुटक्या आवाजात सुनावलं, "मुंबई महाराष्ट्रात यायला निघाली, आणि तुमची गाडी वाडीबाहेर निघेना!" पण लगेच त्यांनीच कपाळाला हात लावला. "अहो, दबेल की ही! बसा रे सगळे!" हाक दिली की जमायचं, याची वाडीला तेव्हा सवयच झाली होती. बघता बघता पुढच्या मडगार्डांवर माणसं, बोनेटवर मान खाली घालून माणसं, आत सीट काढलेल्या जागी मांडी घालून बायका. ज्या गाडीत भाऊजी खिशातला रुमालही नेत नसत, तिच्यात अख्खी वाडी बसली.

"ओ, ते हँडल नका धरू, भोकं पाडलीत त्याला!" स्टिअरिंगवर बसलेले भाऊजी ओरडले.

"मग काय धरू, तुमची शेंडी?" आतून कोणीतरी विचारलं.

गाडी कुरकुरत खाली आली, तरी नखभर अडलीच. तेव्हा वहिनी जिन्यावरून उतरल्या. यजमान गेल्यापासून त्या गाडीत बसल्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचला, घरातून आणलेला पाट भाऊजींच्या शेजारी टाकला आणि बसल्या. वहिनी अंगाने चांगल्या भरलेल्या. स्प्रिंगा दबल्या, आम्ही ढकललं, गाडी बाहेर आली.

शर्यतीत भाऊजींच्या शेजारी एका धनिकाची नवी कोरी गाडी होती. वहिनी, तात्या आणि मी धावपट्टीच्या कडेला उभे होतो. निशाण पडलं आणि दोन्ही सुटल्या. मी नीट पाहिलं: आमच्या गाडीची पुढची चाकं जमीन सोडून वर गेली, जेमतेम वीतभर, आणि धप्पकन खाली आली. मग कोरी गाडी पुढे निघून गेली. भाऊजी हरले.

ते धापा टाकत उतरले आणि निकाल सोडून भलतंच विचारू लागले. चालवणाऱ्याला आपली चाकं दिसत नाहीत. "बीए, तू शिकलेला आहेस, खरं सांग. उचलली?"

"उचलली, भाऊजी. वीतभर."

"कंबरेएवढी!" तात्या म्हणाले.

भाऊजींनी दोघांकडे पाहिलं, आणि मग वहिनींकडे. वहिनी गाडीच्या कापलेल्या मडगार्डावरून हात फिरवत होत्या. त्या म्हणाल्या, "ह्यांनी आयुष्यभर हिला सांभाळून चालवली. मला कितीदा वाटायचं, जरा जोरात घ्या. बरं झालं भाऊजी, एकदा धावली."

भाऊजींनी टोपी काढली आणि कितीतरी वेळ ती हातातच धरून ठेवली.